मंगळवारचा सामना

कॅमेरा एकच असतो. कोर्टाच्या मागे उंचावर कुठेतरी बांधून ठेवलेला. तो वळत नाही, जवळ जात नाही, झालेला फटका पुन्हा दाखवत नाही. समालोचन नसतं. वारा सुटला की माइकमध्ये नुसती फडफड ऐकू येते, शेजारच्या कोर्टवरच्या पंचांचा आवाज मधेच घुसतो आणि आपल्या सामन्यात नक्की काय झालं ते क्षणभर कळेनासं होतं. अलीकडची खेळाडू पाठमोरी दिसते, पलीकडची बोटभर. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या महिलांच्या स्पर्धांमधली सगळ्यात खालची पायरी म्हणजे डब्ल्यू१५, एकूण १५ हजार डॉलर बक्षिसाची. त्या पायरीवरचे सामने मी गेली सहा वर्षं अशा कॅमेऱ्यातून बघते आहे.

आणि त्यातही मुख्यतः एकाच खेळाडूचे. तिचं नाव इथे लिहीत नाही. मी तिला कधी भेटलेले नाही, विचारलेलं नाही, आणि ती काही प्रसिद्ध व्यक्ती नाही. एकेरीतला तिचा सर्वोत्तम क्रमांक चारशेच्या अलीकडे जेमतेम पोचला होता, तोही काही आठवड्यांपुरता. बाकीची वर्षं पाचशे ते आठशेच्या मधे गेली. तिचा चेहरा मला नीटसा माहीत नाही. पाठ मात्र हजार जणींत ओळखेन. डावा खांदा किंचित खाली, आणि सर्व्हिसच्या आधी उजव्या पायाचा चवडा दोनदा जमिनीवर घासायची सवय.

ती मला पहिल्यांदा दिसली तेव्हा १-६, ०-४ अशी मागे होती. लाल मातीचं कोर्ट, टळटळीत दुपार. प्रेक्षक म्हणावं तर जाळीला टेकून उभी असलेली एक मुलगी, बहुधा पुढच्या सामन्यासाठी थांबलेली. चेंडू उचलून द्यायला मुलं नव्हती, या पातळीवर ती नसतातच. रेषांवर पंच नसतात. खुर्चीवर एक पंच, संपलं. तिचा एक फटका लांब गेला, मग समोरून आलेला चेंडू तिच्या मागे निघून गेला आणि तो आणायला ती पार मागच्या जाळीपर्यंत गेली. वाकून उचलला. परत येताना रॅकेटच्या तारा बोटांनी एकेक करून सरळ केल्या. रेषेपाशी आली, चवडा घासला, चेंडू चार वेळा आपटला आणि सर्व्हिस केली. पुढे तिच्या शेकडो सर्व्हिस पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं, ४०-० असो नाहीतर ०-४०, ती चारदाच आपटते.

त्या दिवशी मी खरं तर ती केव्हा सोडून देते याची वाट बघत होते. टेनिसमध्ये सोडून दिलेलं दिसतं. दोन सर्व्हिसमधला वेळ कमी होतो, फटका मारला की पाय थांबतात, बाहेर जाणाऱ्या चेंडूकडे मान वळत नाही. तिचं यातलं काहीच झालं नाही. ती १-६, २-६ अशी हरली. त्या दोन गेमपैकी दुसरा तिला सात ड्यूसनंतर, म्हणजे सात वेळा ४०-४० अशी बरोबरी झाल्यावर मिळाला. सामन्याच्या निकालात त्या गेमला काडीची किंमत नव्हती, आणि ती त्यात अशी खेळली की मी खुर्चीत पुढे सरकून बसले होते. पुढच्या मंगळवारी दुसऱ्याच देशातल्या स्पर्धेच्या यादीत तिचं नाव शोधलं. होतं.

मंगळवार का, ते सांगायला हवं. या स्पर्धांचा आठवडा साधारण ठरलेला असतो. रविवार-सोमवार पात्रता फेरी, मंगळवारपासून मुख्य ड्रॉ, म्हणजे खरी स्पर्धा, पुढच्या रविवारी अंतिम सामना. मुख्य ड्रॉमध्ये ३२ जणी. त्यातल्या १६ जणी मंगळवारी नाहीतर बुधवारी हरतात, आठ जणी गुरुवारी. रविवारी संध्याकाळपर्यंत ३१ जणी हरलेल्या असतात. मी बघायला लागल्यापासूनच्या सहा वर्षांत तिने दोनदा स्पर्धा जिंकली. म्हणजे ते दोन आठवडे सोडले तर खेळलेल्या प्रत्येक आठवड्याचा शेवट तिच्यासाठी हरण्यात झाला. वर्षाला पंचवीस-तीस वेळा हरायचं, नेटपाशी जाऊन हात मिळवायचा, पंचांना हात मिळवायचा, बॅग भरायची आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा तितक्याच इच्छेने उभं राहायचं. हे जिला जमत नाही तिला फोरहँड कितीही चांगला असला तरी या पेशात राहता येत नाही. टीव्हीवर आपण ज्यांना बघतो त्यांच्याबद्दल लिहिताना जिंकण्याच्या भुकेविषयी पुष्कळ लिहिलं जातं. हरणं पचवून आठवड्याला उभं राहण्याच्या या कसबाला मात्र आपल्याकडे शब्दसुद्धा नाही.

क्रमवारीचा हिशेब एकदा मी कागदावर मांडून पाहिला, आणि तेव्हापासून तिच्याबद्दलचा माझा आदर दुप्पट झाला. २०२४ पासूनच्या गुणपद्धतीत डब्ल्यू१५ स्पर्धा जिंकली तर १५ गुण मिळतात. उपविजेतीला १०, उपांत्य फेरीपर्यंत पोचली तर ६, उपउपांत्य फेरीला ३. पहिला सामना जिंकून दुसरा हरली तर १. पहिलाच हरली तर शून्य. तिकडे ग्रँड स्लॅम, म्हणजे वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एखादी, जिंकणारीला २००० गुण, आणि तिथे पहिल्याच फेरीत हरणारीलाही १०. एकेरीच्या क्रमवारीसाठी खेळाडूच्या सर्वोत्तम १८ स्पर्धा धरतात. आता समजा एखादीने वर्षभरात डब्ल्यू१५च्या तब्बल १८ स्पर्धा जिंकल्या, जे अशक्यच आहे, तर तिचे गुण होतील २७०. ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेरीत नुसता प्रवेश मिळवायला साधारण दोनशे तीस-चाळीसच्या आतला क्रमांक लागतो. या २७० गुणांवर ती त्या दाराशी जेमतेम पोचेल, कदाचित बाहेरच राहील.

म्हणून वर चढावंच लागतं. डब्ल्यू३५, डब्ल्यू५०, डब्ल्यू७५, डब्ल्यू१००, त्याच्या वर महिला टेनिस संघटनेच्या स्वतःच्या स्पर्धा. पण वरच्या स्पर्धेत प्रवेश क्रमवारीवर मिळतो, आणि क्रमवारी सुधारायला वरची स्पर्धा खेळायला हवी. शिवाय मिळवलेला प्रत्येक गुण ५२ आठवड्यांनी गळतो. गेल्या वर्षी याच आठवड्यात अंतिम फेरी गाठली असेल आणि यंदा पहिल्या फेरीत हरलात, तर सोमवारी गुण कमी होतात. ज्या आठवड्यात ताप आला म्हणून खेळला नाहीत त्याही आठवड्यात जुने गुण गळायचे ते गळतातच. माझ्या खेळाडूचा एक चांगला महिना होता. तीन आठवड्यांत दोन उपांत्य फेऱ्या आणि एक विजेतेपद. पुढचं वर्षभर तिचा क्रमांक स्थिर दिसत होता, आणि मला त्या महिन्याची तारीख जवळ येताना धडधडायला लागलं होतं. तिला काय होत असेल?

यादी हा तर स्वतंत्र विषय आहे. एकाच आठवड्यासाठी पसंतीचा क्रम लावून अनेक स्पर्धांना अर्ज करता येतो. मग याद्या लागतात. एकीकडे मुख्य ड्रॉ, एकीकडे पात्रता फेरी, खाली प्रतीक्षेतली नावं. वरच्या कुणी माघार घेतली की खालची एक-एक पायरी वर सरकते. ती अमुक ठिकाणी प्रतीक्षा यादीत सहावी आणि तमुक ठिकाणी पात्रता फेरीत थेट असेल, तर तिकीट कुठलं काढायचं? वाट बघावी तर विमानाचं भाडं चढतं. आधी काढावं तर यादी तिथपर्यंत हलेलच याची खात्री नाही. तुर्कस्तानात अंताल्या, ट्युनिशियात मोनास्तिर, इजिप्तमध्ये शर्म अल-शेख अशी काही गावं आहेत जिथे आठवड्यामागून आठवडे याच पातळीच्या स्पर्धा होत राहतात. एकदा तिथे गेलं की महिनाभर राहायचं, तीच कोर्टं, तेच हॉटेल, न्याहारीला समोरच्या टेबलावर त्याच मुली. विमानाचा खर्च वाचतो म्हणून पुष्कळ जणी असंच करतात. समुद्रकाठच्या या गावांचे फोटो पर्यटकांसाठी काढलेले असतात. मला आता अंताल्या म्हटलं की निळं पाणी आठवत नाही, स्पर्धेची यादी आठवते.

पैशाचं बोलायलाच हवं. डब्ल्यू१५ची विजेती साधारण २,३५० डॉलर घेऊन जाते, पहिल्या फेरीत हरणारी १५० डॉलरच्या आसपास. काही देशांत त्यातूनही कर आधीच कापून घेतात. त्या दीडशेत हॉटेलच्या किती रात्री बसतील, ते कुणीही बोटांवर मोजावं. आंतरराष्ट्रीय महासंघानेच केलेल्या पाहणीत २०१३ साली एका व्यावसायिक महिला खेळाडूचा वर्षाचा सरासरी खर्च ४०,१८० डॉलर निघाला होता. प्रवास, राहणं, खाणं, रॅकेटच्या तारा बदलून घेणं, कपडे धुणं, सामान, विमानतळावरून ने-आण, एवढंच त्यात धरलेलं. प्रशिक्षकाचा पगार धरलाच नव्हता. त्या हिशेबाने बक्षिसाच्या पैशातून फक्त खर्च भागण्याची रेषा महिलांमध्ये २५३व्या क्रमांकावर येत होती. म्हणजे जगातली २६०वी खेळाडू वर्षभर खेळून स्वतःच्या खिशातून पैसे घालत होती. आणि तिच्या खाली शेकडो जणी.

शिखरावर ज्या लढाया झाल्या त्यांचा मला मनापासून अभिमान आहे. १९७० साली बिली जीन किंग आणि आणखी आठ जणींनी एकेका डॉलरचा करार करून स्वतंत्र स्पर्धा सुरू केल्या. १९७३ मध्ये अमेरिकन ओपनने स्त्री-पुरुषांचं बक्षीस सारखं केलं, विम्बल्डनला ते करायला २००७ उजाडलं. २०२४ च्या विम्बल्डनमध्ये मुख्य ड्रॉच्या पहिल्या फेरीत हरणारीला ६० हजार पौंड मिळाले, पात्रता फेरीचा पहिला सामना हरणारीला १५ हजार. दोनशेच्या अलीकडे-पलीकडे असलेली खेळाडू वर्षातले ते चार आठवडे डोळ्यांसमोर ठेवूनच बाकीचे अठ्ठेचाळीस काढते, कारण ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेरीतला एक पराभव तिचा अर्ध्या वर्षाचा खर्च भागवतो. पण पाचशेवी? तिला जर्मनी, फ्रान्स, इटलीतल्या क्लबांच्या सांघिक लीगमध्ये जागा मिळाली तर तिथले सामने, उरलेल्या वेळात कुणाला तरी शिकवणं, आणि घरच्यांचा आधार. माझी खेळाडू वर्षातले काही आठवडे याद्यांतून नाहीशी होते. त्या काळात ती लहान मुलांना फोरहँड शिकवत असेल असा माझा अंदाज आहे. परत आली की पहिल्या सामन्यात तिची सर्व्हिस थोडी सैल असते.

एक सामना सांगते. उपउपांत्य फेरी होती आणि समोर तिचीच दुहेरीतली जोडीदार. या पातळीवर दोघी-तिघी मिळून एक खोली घेतात, त्यामुळे आदल्या रात्री दोघींनी शेजारशेजारच्या पलंगांवर घड्याळाचे गजर लावले असणार. सामन्याआधी सराव कुणाबरोबर केला असेल? बहुतेक एकमेकींबरोबरच. तिसऱ्या सेटमध्ये ४-४, ३०-३०. जोडीदाराची सर्व्हिस रेषेजवळ पडली. पंचांनी बरोबर दिली. माझ्या खेळाडूने हात वर केला, थांबली, खुणेपाशी गेली. मातीवर खूण राहते, म्हणून पंच खाली उतरून बघतात. पंच उतरायला लागले तेवढ्यात ती खुणेवर वाकली, नीट बघितली आणि पायाने पुसून टाकली. चेंडू आत होता, तिने कबूल केलं. ४०-३०. पुढच्या गुणावर गेम गेला आणि त्याच्या पुढच्या गेमला सामना गेला.

नेटपाशी दोघींनी मिठी मारली नाही, साधा हात मिळवला. मग कॅमेऱ्यात दिसलं ते असं: दोघीही आपापल्या खुर्च्यांवर बसल्या, टॉवेल डोक्यावर घेतला, बराच वेळ. पंच निघून गेले. एक माणूस येऊन मातीवर जाळी ओढायला लागला. तेव्हा जोडीदार उठली, तिच्या खुर्चीपाशी आली, तिची पाण्याची बाटली उचलून स्वतःच्या बॅगेत घातली आणि तिची बॅगही खांद्याला लावली. माझी खेळाडू टॉवेल काढून उठली आणि दोघी चौकटीच्या डावीकडून बाहेर गेल्या. दोन तासांनी त्यांचा दुहेरीचा सामना होता. तो त्यांनी जिंकला.

हे सगळं मला बघायला मिळतं त्यामागे एक गोष्ट आहे, आणि ती मला सलते. पंच खुर्चीवर बसून प्रत्येक गुण एका टॅबलेटवर नोंदवतात आणि तो काही सेकंदांत जगभर जातो. माझ्या फोनवरही येतो. तो माझ्यासारख्यांच्या प्रेमापोटी गोळा होत नाही. २०१२ पासून या खालच्या स्पर्धांचे थेट गुण विकले जाऊ लागले आणि ते विकत घेतले जातात सट्ट्यासाठी. टेनिसच्या नियामक संस्थांनी २०१६ मध्ये नेमलेल्या स्वतंत्र समितीने २०१८ च्या शेवटी अंतिम अहवाल दिला. खालच्या पातळीवर खेळाडूला मिळणारा पैसा तुटपुंजा आणि त्याच सामन्यावर लागणारा पैसा अफाट, यातून सामने फिक्स करण्याला कशी जमीन मिळते ते त्यात सविस्तर आहे. समितीने ३,२०० हून अधिक खेळाडूंना विचारलं, त्यांपैकी १४.५ टक्क्यांनी फिक्सिंगची प्रत्यक्ष माहिती असल्याचं सांगितलं. १५ हजारांच्या पातळीवरचे थेट गुण विकणं बंद करावं अशी शिफारसही होती. माझ्या फोनवर गुण अजून येतात.

या सट्ट्याची दुसरी बाजू खेळाडूंच्या फोनवर उतरते. ती जिंकेल म्हणून पैसे लावलेला आणि बुडालेला कुणी तिला लिहितो, ती हरेल म्हणून लावलेलाही लिहितो. शिव्या, आईवडिलांविषयी, शरीराविषयी, मरणाच्या धमक्या. महिला टेनिस संघटना आणि आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी २०२५ मध्ये जाहीर केलेल्या माहितीनुसार, २०२४ या एका वर्षात ४५८ खेळाडूंना उद्देशून सुमारे ८ हजार शिवीगाळीचे संदेश आले आणि त्यांतले ४० टक्के चिडलेल्या सट्टेबाजांचे होते. मोठ्या खेळाडूचा फोन सांभाळायला माणसं असतात. हॉटेलच्या खोलीत एकटी बसलेली मुलगी दीडशे डॉलरसाठी हरून येते, आईला फोन करायला म्हणून मोबाइल हातात घेते आणि आधी हे वाचते. माझ्या खेळाडूने तिसऱ्या वर्षी समाजमाध्यमांवरचं खातं बंद केलं. का, ते मला माहीत नाही. पण त्याच्या आदल्या आठवड्यात ती ५-१ अशी पुढे असताना हरली होती.

२०२० मध्ये जगभरचं टेनिस थांबलं, तेव्हा खालच्या क्रमांकाच्या खेळाडूंसाठी निधी उभारायची कल्पना निघाली. डॉमिनिक थीम तेव्हा जगातल्या पहिल्या तिघांत होता. तो म्हणाला की कुणाच्याही जिवावर बेतलेलं नाही आणि खालच्यांपैकी पुष्कळ जण खेळाला सर्वस्व देत नाहीत, त्यांना मी पैसे का द्यावेत. त्याला उत्तर दिलं अल्जीरियाच्या इनेस इब्बू हिने. तेव्हा ती सहाशेच्या पुढच्या क्रमांकावर होती. तिने एका चित्रफितीत आपलं आयुष्य सांगितलं: देशात स्पर्धा नाहीत, धड कोर्टं नाहीत, प्रवासाला व्हिसा सहज मिळत नाही, प्रशिक्षक बरोबर नेणं परवडत नाही. पैसे मागितले नाहीत, आदर मागितला. मी ती चित्रफीत कितीतरी वेळा पाहिली आहे. पुढे खेळाच्या संस्थांनी मिळून ६० लाखांहून अधिक डॉलर जमवले आणि सुमारे ८०० खेळाडूंना मदत केली, ते चांगलंच झालं. पण थीमचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण तो वाईट माणूस नाही. तो स्वतः कष्टाने वर आलेला. वर पोचलेल्याला खालचा माणूस कमी कष्टाळूच वाटतो, हे टेनिसमध्ये फार सहज होतं. क्रमांक छापलेलाच असतो ना.

आणि मग कधीतरी तो क्रमांक खोटा पडतो. २०२१ मध्ये एमा राडुकानू १५०व्या क्रमांकावरून, पात्रता फेरीपासून दहा सामने एकही सेट न गमावता अमेरिकन ओपन जिंकली. २०२५ मध्ये लोइस बुआसों ३६१व्या क्रमांकावर असताना फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत गेली. जेसिका पेगुलाला हरवलं, मिरा आंद्रेयेवाला हरवलं, दोघीही तेव्हा जगातल्या पहिल्या दहांत. आदल्या वर्षी याच स्पर्धेचं वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी न बघता दिलेला प्रवेश, हातात असताना आठवडाभर आधी तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला होता. मी तिचा प्रत्येक सामना पाहिला आणि रडले. सगळीकडे परीकथा परीकथा म्हणून छापून आलं, ते मला आवडलं नाही. परीकथेत जादूची कांडी फिरते. इथे त्या मुलीने महिनोन्महिने गुडघा वाकवायचा व्यायाम केला आणि परतल्यावर रिकाम्या कोर्टांवर मंगळवारचे सामने खेळले. पेगुलाला हरवणारा फोरहँड त्या मंगळवारांमध्येही तोच होता. आम्ही बघत नव्हतो, एवढंच.

माझा जीव मात्र जास्त गुंततो तो कॅनडाच्या रिबेका मरीनोमध्ये. २०११ मध्ये ३८वा क्रमांक. २०१३ मध्ये नैराश्यामुळे तिने खेळणं थांबवलं. पाच वर्षांनी, २०१८ मध्ये ती परत आली ती १५ हजारांच्या स्पर्धांमधून, जिथे तिचं नाव ऐकलेल्या मुली कमीच असतील. एकेकाळी सेंटर कोर्टवर खेळलेली बाई स्वतःचे चेंडू स्वतः उचलत होती. २०२२ मध्ये ती पुन्हा पहिल्या शंभरात पोचली. तात्याना मारिया दोन मुलींची आई, ३४व्या वर्षी, १०३व्या क्रमांकावर असताना विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत गेली. ही नावं मी मनात जपून ठेवली आहेत. माझ्या खेळाडूचंही असंच होईल अशी आशा मला आता नाही, आणि तिचं खेळणं बघायला मला त्या आशेची गरजही उरलेली नाही.

मी हे बघत असते ते माहीत असलेले लोक मला विचारतात, एवढं सगळं असताना ती सोडत का नाही? मला हा प्रश्न तिच्या वतीने खुपतो. कुणी चौथीच्या वर्गाला गणित शिकवतं, त्याला कुणी विचारत नाही की विद्यापीठात प्राध्यापक झाला नाहीस तर शिकवणं सोडत का नाहीस. तिला एक काम येतं. समोरून ताशी दीडशे किलोमीटरने आलेली सर्व्हिस रेषेपासून हातभर आत, खोल, बॅकहँडला परत करता येते, आणि दहापैकी सात वेळा करता येते. ते करायला तिची वीस वर्षं गेली आहेत. मी एकदा तिच्या सामन्यात बॅकहँडच्या आडव्या फटक्यांची एकेचाळीस फटक्यांची रॅली मोजली. चाळिसाव्या फटक्यापर्यंत दोघींपैकी कुणीही चूक केली नाही. एकेचाळिसावा तिने सरळ रेषेवर मारला. टाळी वाजवायला तिथे कुणी नव्हतं. पलीकडच्या मुलीने रॅकेटवर तळहात दोनदा आपटला.

दोन वर्षांपूर्वी तिचं मनगट गेलं. म्हणजे मी ते पाहिलं. एका परतीच्या फटक्यानंतर ती रॅकेट डाव्या हातात घेऊन उभी राहिली आणि नेटकडे चालू लागली. मग याद्यांतून नाव गेलं. तीन महिने, सहा महिने. सहा महिन्यांहून जास्त काळ दुखापतीने बाहेर असलेल्या खेळाडूला परतताना जुना क्रमांक काही स्पर्धांपुरता वापरता येतो, तेवढाच आधार. ५२ आठवडे उलटले आणि तिचे सगळे गुण गळले. क्रमवारीत नाव शोधलं तर कुठेच येत नव्हतं, हजाराच्या पुढेही नाही. मला तेव्हा २०१९ च्या फ्रेंच ओपनमधली अ‍ॅना तातिश्विली आठवत राहिली. घोट्याच्या दुखापतीने दीड वर्षाहून अधिक काळ बाहेर राहून, अशाच राखीव क्रमांकावर ती परत आली, ५५ मिनिटांत ०-६, १-६ हरली, आणि व्यावसायिक दर्जाचा खेळ केला नाही म्हणून तिला पहिल्या फेरीच्या संपूर्ण बक्षिसाएवढा, ४६ हजार युरोंचा दंड झाला. तिने दाद मागितली तेव्हा तो रद्द झाला. पण परतलेल्या पायावर उभं राहून हरलेल्या बाईला, तू पुरेसं खेळली नाहीस, असं कुणीतरी कागदावर लिहून दिलं होतं.

चौदाव्या महिन्यात माझ्या खेळाडूचं नाव एका डब्ल्यू१५च्या मुख्य यादीत आलं. नावापुढे राखीव क्रमांकाची खूण. मंगळवार, तिसरं कोर्ट, दिवसातला दुसरा सामना. कॅमेरा नेहमीसारखाच मागून. ती आली तेव्हा उजव्या मनगटाला पांढरी पट्टी होती. चवडा घासला, चेंडू आपटला. मी मोजलं. चार.

सर्व्हिस पूर्वीपेक्षा हळू होती. बॅकहँड दोन्ही हातांनी मारायची तो ती मधूनच एका हाताने कापून मारत होती, तो फटका तिने त्या चौदा महिन्यांत शिकून घेतला असणार. पहिला सेट ६-४ तिचा, दुसरा ३-६ समोरच्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीचा. तिसऱ्यात ५-३, ४०-३०, मॅच पॉइंट. रॅली लांबली. मुलीचा फटका रेषेच्या बाहेर पडला, माझ्या खेळाडूने हात वर करून बाहेर असल्याची खूण केली, पंचांनी दुजोरा दिला. ती ओरडली नाही, आकाशाकडे पाहिलं नाही. हात मिळवून झाल्यावर पुन्हा कोर्टवर आली. एक चेंडू नेटपाशी होता, एक मागच्या जाळीत अडकलेला. तो काढायला ती चौकटीच्या बाहेर गेली. कॅमेरा वळत नाही. बराच वेळ नुसतं रिकामं कोर्ट दिसत होतं आणि माइकमध्ये वारा होता. मग ती परत आली, चेंडू रॅकेटवर ठेवून पंचांच्या खुर्चीपाशी नेऊन दिले.

त्या विजयाचा तिला एक गुण मिळाला. तीन स्पर्धांमध्ये गुण मिळाल्याशिवाय, किंवा एकूण गुण दहा झाल्याशिवाय क्रमवारीत नाव येत नाही. त्यामुळे सोमवारच्या यादीत मी शोधलं तेव्हा ती तिथे नव्हती. पुढच्या आठवड्याच्या स्पर्धेची यादी उघडली. मुख्य ड्रॉ, वरून अकरावी.